सदतीस गुणांची खोली

वहिनीइतकी स्वच्छ बाई मी जन्मात पाहिली नाही, आणि तिच्या त्या स्वच्छतेचा मला जेवढा राग आला तेवढा कुणाच्या घाणीचाही कधी आला नसेल. माझ्या स्वतःच्या घाणीचा तर नाहीच नाही. मी पॅन्ट आखूड करते, चेन बदलते, ब्लाऊज उसवून सैल करते. माझ्या खोलीत चिंध्या, दोरे आणि कालची ताटली एकत्र नांदतात. वहिनी दारात उभी राहून म्हणायची, "ताई, आत पाऊल कुठं ठेवू तेवढं सांगा." मी म्हणायचे, "ठेवूच नका, तिथूनच बोला."

आम्ही समोरासमोर राहायचो, तिसऱ्या मजल्यावर, दाराला दार. एकोणीस वर्षांपूर्वी मी इथं आले त्या दिवशी तिच्या नवऱ्यानं माझं शिलाई मशीन एकट्यानं वर आणलं होतं. धापा टाकत म्हणाला, "कुठं ठेवू, ताई?" झालं. तो भाऊ झाला, ती वहिनी झाली. इमारतीतले बाकीचे लोक तिला पाठीमागे साबणकाकू म्हणायचे. तोंडावर कुणाची टाप नव्हती.

ती एका मोठ्या लाँड्रीत होती. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी तिथं यायच्या. मशीनमधून निघूनही ज्यांचा डाग गेला नाही अशा चादरी शेवटी एका लांब टेबलावर पडायच्या आणि त्या टेबलाशी वहिनी बसायची. डागाला नख लावून, वास घेऊन सांगायची, हा चहा, हा गंज, हे औषध, हे रक्त. "रक्ताला कधी गरम पाणी लावू नका ताई, जन्माचं बसतं," हे तिनं मला पन्नासदा सांगितलं असेल, जशी काही मी रोज खूनच करते. बावीस वर्षं तिनं हेच काम केलं. तिच्या बोटांची टोकं पांढरी आणि सुरकुतलेली असायची, सुट्टीच्या दिवशीसुद्धा.

भाऊंनी एकतीस वर्षं शहर बस चालवली. निवृत्त झाले आणि छाती बसली. पंप तोंडात मारल्याशिवाय त्यांना जिना चढता येईना, मग उतरताही येईना, मग ते खाटेवरच असायचे. खोकल्याची उबळ आली की डोळे पुसत म्हणायचे, "हॉर्न लागलाय ताई, ब्रेक लागत नाही." माणूस मोठा गमत्या होता. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मात्र गंमत केली नाही. त्या वहिनीला म्हणाल्या, "ह्यांना त्या ओलीच्या खोलीतून बाहेर काढा. पुढची थंडी ह्यांनी तिथं काढता कामा नये." थंडीला तेव्हा चार महिने होते.

ओल कुठली ते सगळ्या इमारतीला माहीत होतं. त्यांच्या मागच्या भिंतीतून चार मजल्यांच्या सांडपाण्याचा पाइप जातो आणि तो कुठंतरी आत तडकलाय. ती भिंत मी कधी कोरडी पाहिली नाही. घरमालकाला सांगून सांगून जीभ झिजली. "माणूस पाठवतो," हे तो नऊ वर्षं म्हणत होता. तो माणूस वाटेतच म्हातारा झाला असणार. भिंतीवर काळी बुरशी यायची आणि दर रविवारी वहिनी ती ब्लीचिंगच्या पाण्यानं घासून काढायची, वरून चुन्याचा हात द्यायची. सोमवारी भिंत पांढरी, शुक्रवारी कोपऱ्यात मिरपूड सांडल्यासारखे ठिपके, रविवारी पुन्हा बादली.

अशात नगरपालिकेला जाग आली. निकृष्ट घरं सुधारायची असं ठरलं आणि आमच्या रस्त्यावरच्या सगळ्या इमारतींची तपासणी जाहीर झाली. योजना वाईट नव्हती, हे मी आजही म्हणेन. प्रत्येक खोलीला गुण द्यायचे. ओलीचे गुण, गळतीचे गुण, उजेड नसेल तर गुण, जिना मोडका असेल तर गुण, घरात आजारी माणूस असेल तर चार गुण. घर जेवढं वाईट तेवढे गुण जास्त. चाळीस गुण झाले की मालकाला दुरुस्ती सक्तीची आणि राहणाऱ्यांना पालिकेच्या नव्या वसाहतीत कोरडी खोली. चाळीसच्या खाली असेल तर मालकाला फक्त सूचनेचं पत्र. मी भाऊंना म्हटलं, "आयुष्यात कुठल्या परीक्षेत पास झाले नाही, ह्या परीक्षेत पहिली येते की नाही बघा." भाऊ म्हणाले, "आमची भिंत आहे ना. आम्ही बोर्डात येणार."

तपासणी बुधवारी होती. मंगळवारी वहिनीनं लाँड्रीतून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली.

मला वाटलं, भाऊंना दवाखान्यात न्यायचं असेल. बुधवारी सकाळी त्यांच्या दारात गेले आणि कपाळावर हात मारून घेतला. भिंत पांढरीशुभ्र. नुसता चुना नाही, दोन हात. खिडकीच्या चौकटीतली बुरशी तिनं जुन्या टूथब्रशनं काढलेली. पलंगपोस इस्त्रीचा. साहेबांना बसायला खुर्ची पुसून मधोमध ठेवलेली.

"वहिनी, हे काय केलंत?"

"अहो, परका माणूस घरात येणार. ती भिंत दाखवू त्याला?"

"तीच तर दाखवायची होती!"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी काय बोलतेय ते तिला कळतच नव्हतं, आणि ते का कळत नव्हतं ते मला कळत होतं. बाहेरचा माणूस येणार म्हटलं की घर आवरायचं, हे तिच्या हाताला माहीत होतं, डोक्याला विचारायची गरजच नव्हती. माझी आईही तशीच होती. डॉक्टर घरी यायचे तर ती आजारी माणसाला उठवून आधी चादर बदलायची.

तपासनीस आला. सडपातळ, तिशीतला, कानामागे पेन्सिल. बोलायला गरीब. ओलीचे गुण त्यानं भिंतीला यंत्र टेकवून दिले, तेवढे तरी वाचले. बुरशीचे मात्र डोळ्यांना दिसेल तेवढेच, असा नियम होता. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद बुरशी दिसली तर सहा गुण, त्याहून कमी असेल तर शून्य. त्यानं विचारलं, "बुरशी येते का, मावशी?"

वहिनी म्हणाली, "येते थोडी. पण मी ठेवत नाही."

"काही त्रास?"

"नाही हो. बसा ना, चहा ठेवलाय."

दारातून मी डोळे मोठे करून खुणा करत होते. भाऊ खाटेवरून हातवारे करत होते, पण त्यांना नेमकी तेव्हाच उबळ आली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मग तो माझ्या खोलीत आला. दारातच थबकला, आणि त्याच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं की मी पास.

पंधरा दिवसांनी जिन्याखाली यादी लागली. मला बेचाळीस. त्यांना सदतीस.

माझ्या भिंतीतला पाइप तडकलेला नाही. उजेड नसल्याचे वगैरे गुण होते, पण चाळीसच्या वर नेलं ते काळ्या भिंतीनं. माझी भिंत काळी होती ती मी कधी पुसली नाही म्हणून. मला जे मिळालं ते आळसाचं बक्षीस होतं. लोक अभिनंदन करायला आले आणि मी त्यांच्यावर खेकसले.

दोघी पालिकेत गेलो. तो तपासनीस खिडकीपलीकडे बसला होता. वहिनीला बघून त्यानं नजर खाली घातली. म्हणाला, फेरतपासणीचा अर्ज करता येतो, पण एकदाच. त्यानंतर वर्षभर नाही. मग इकडंतिकडं बघून हळू आवाजात म्हणाला, "मावशी, भिंत जशी असते तशी असू द्या. पुसू नका एवढंच." तारीख सहा आठवड्यांनंतरची मिळाली. थंडी सुरू व्हायच्या तोंडावरची, पण आधीची. जमत होतं.

भाऊंना तेवढे दिवस लेकीकडं ठेवावं, असं वहिनीच्या मनात होतं. लेक दुसऱ्या गावी, सासरी, एका खोलीत सहा माणसं, तरी ती हो म्हणाली होती. मीच आठवण करून दिली की आजारी माणूस घरात नसेल तर त्याचे चार गुण जातात, आणि मधे कुणी बघायला आलं तर? सदतीस आणि सहा त्रेचाळीस. त्यातून चार गेले की एकोणचाळीस. एका गुणानं सगळं पाण्यात. म्हणजे बुरशी वाढवायची आणि ज्याला बुरशीपासून वाचवायचं त्याला तिच्याशेजारीच ठेवायचं. हे मी बोलले. माझ्याच तोंडून निघालं ते. दिवसा माझ्या खोलीत आणून बसवावं म्हटलं तर माझी खोली बेचाळीस गुणांची. आगीतून फुफाट्यात.

पहिल्या रविवारी वहिनीला काही सुचेना. बादली भरली, ओतून दिली. भांडी दोनदा घासली. मग माझ्याकडं आली आणि न विचारता माझी मोरी घासायला बसली. घरी ती भिंतीकडं पाठ करून जेवायला बसायची, भाऊंकडं तोंड करून. पण भाऊंच्या मागंच ती भिंत.

मोजायचं काम माझ्याकडं होतं. मोजपट्टी माझ्या गळ्यात असतेच. रोज संध्याकाळी मी त्यांच्या खोलीत जायचे, कापडावर खुणा करायचा खडू घेऊन, बुरशीच्या कडेला रेघ मारायचे आणि टेप लावायचे. पहिल्या आठवड्यात सात इंच. दुसऱ्यात परातीएवढी. तिसऱ्यात खिडकीच्या चौकटीला जाऊन भिडली. एक मीटर म्हणजे एकोणचाळीस इंच आणि वर थोडं. मी मोठ्यानं सांगायचे, "सव्वीस! काल चोवीस होती." भाऊ म्हणायचे, "पोरगी वाढतेय. अंगी काढा आता मोठी." आम्ही तिघं हसायचो. खरंच हसायचो. तो काळा, दमट वास नाकात बसलेला असताना मी दोन इंचांचा आनंद करत होते आणि तो माणूस खाटेच्या कडेला दोन्ही हात टेकून श्वास गोळा करत होता. आता ते आठवलं की माझंच तोंड बडवावंसं वाटतं.

पाचव्या आठवड्यात चाळीस भरली, रुंदीलाही. सहाव्यात चव्वेचाळीस. भाऊंचा पंप दिवसाला चारदाऐवजी नऊदा लागायला लागला. बोलताना वाक्य तोडून बोलायचे, बस दर थांब्यावर थांबते तसे. वहिनी लाँड्रीत टेबलाशी बसून रडायची, हे मला तिच्या बरोबरच्या बाईनं सांगितलं. घरी रडली नाही.

तारखेच्या दिवशी आम्ही तिघं सकाळपासून तयार. दहा वाजले, बारा वाजले. दोन वाजता पालिकेचा शिपाई आला आणि दाराला एक चिठ्ठी अडकवून निघाला. तपासनीस दुसऱ्या कामावर पाठवला आहे, तपासणी अठरा दिवसांनी.

मी जिन्यात त्या शिपायाच्या मागे धावले. जे तोंडाला आलं ते बोलले. तो बिचारा म्हणाला, "बाई, मी नुसता चिठ्ठ्या वाटतो." खरंच होतं त्याचं. पालिकेत कुणाही माणसाकडं जा, तो नुसता काहीतरी करत असतो. वहिनी वर दारात उभी होती. म्हणाली, "ताई, अठरा दिवस कसे काढायचे हो?" मी म्हटलं, "सहा आठवडे काढले, अठरा दिवसांनी काय होतंय." उंटावरून शेळ्या हाकायला माझ्या बापाचं काय जात होतं.

त्या अठरा दिवसांत थंडी पडली. खिडकी बंद ठेवावी लागायची आणि मग भिंत आणखीच घामायची. बुरशी आता काळी राहिली नव्हती, मधे हिरवट आणि केसाळ झाली होती. खाटेच्या मागची चादर तिला चिकटायची. मी टेप लावणं सोडून दिलं. भाऊ हसेनासे झाले. एकदा मला म्हणाले, "ताई, तोंडात सारखी तिची चव येते." मी म्हटलं, "थोडे दिवस राहिले, भाऊ."

तपासणीच्या दिवशी सकाळी आठ वाजता त्यांच्या दाराचा आवाज झाला. मी गेले तर भाऊ खाटेवर वाकून बसलेले, ओठ निळसर, आणि वहिनी त्यांची पाठ चोळत होती. पंप मारून झाला होता. जरा श्वास परतला तेव्हा ते म्हणाले, "अगं... ती भिंत... पूस."

"अहो, आज येणारेत. अकरा वाजता."

"पूस गं. एकदा... स्वच्छ बघू दे."

वहिनी उठली. मी तिच्या आधी मोरीपाशी पोचले आणि बादलीची कडी धरली. "वहिनी, तीन तास. फक्त तीन तास! दोन महिन्यांवर पाणी ओतू नका." तिनं माझा हात काढला. जोरानं नाही, चादरीवरचा दोरा काढावा तसा. म्हणाली, "ताई, बत्तीस वर्षांत ह्यांनी माझ्याकडं काही मागितलं नाही. काही म्हणजे काहीच नाही. आज भिंत पुसून मागतायत."

मी भाऊंकडं बघितलं. त्यांनी नजर चुकवली. त्यांना ठाऊक होतं काय मागतोय ते. पण माणसाला श्वास मिळेना की त्याला अकरा वाजेपर्यंतचं दिसत नाही.

तिनं खाट ओढली, भाऊंना माझ्या दारात खुर्चीवर बसवलं, आणि भिंत पुसली. पाऊण तास लागला. मी मदत केली नाही. उलट मागे उभी राहून बोलत होते, की तुम्ही मूर्ख आहात, की तुमच्या ह्या धुण्यापायी दोघंही मराल, की मी पुन्हा तुमच्या भानगडीत पडणार नाही. आजारी माणसाच्या देखत बोलले. ती फडकं पिळत राहिली. मग खाट जागेवर लावली, धुतलेली चादर घातली आणि भाऊंना आणून निजवलं. ते भिंतीकडं कुशीवर वळले आणि कितीतरी दिवसांनी आडवे झोपले.

तपासनीस सव्वाअकराला आला. ओली पांढरी भिंत बघून दारातच थांबला. त्यालाही वाईट वाटलं, मी पाहिलं ते. मी मोरीतली बादली उचलून त्याच्यासमोर आदळली. पाणी काळं, वर तवंग. "हे बघा. ही तुमची बुरशी. आठ वाजेपर्यंत भिंतीवर होती, चव्वेचाळीस इंच, मी स्वतः मोजलीय. आता बादलीत आहे. लावा यंत्र!"

तो म्हणाला, "ताई, हळू बोला, ते झोपलेत." आणि मग, "मला भिंतीचे गुण देता येतात. बादलीचा रकाना नाही."

"मग करा रकाना!"

"माझ्या हातात असता तर केला असता हो."

त्यानं यंत्र टेकवलं, लिहिलं, कागद वहिनीपुढं धरला. सदतीस. तिनं हात पुसून सही केली. भाऊ जागे झाले नाहीत.

त्या संध्याकाळी माझा राग उतरला आणि मला लाज वाटली. मी समोर गेले आणि म्हटलं, "वहिनी, सोमवारी मला नव्या खोलीची किल्ली मिळतेय. तुम्ही दोघं माझ्याबरोबर चला. तिघांची नावं लावून घेते." ती नुसती माझ्या हातावर हात ठेवून बसली. रविवारी रात्रीपर्यंत तिनं दोन गाठोडी बांधली होती आणि सोमवारी सकाळी मी निघाले तेव्हा ती भाऊंची दाढी करत होती. भाऊ साबणाच्या फेसातून म्हणाले, "ताई, खिडकीजवळची... सीट माझी."

पालिकेत किल्ल्यांचं टेबल वेगळं. तिथं एक वयस्क कारकून होता, सभ्य. फॉर्म भरत म्हणाला, "सोबत कोण?"

मी म्हटलं, "भाऊ आणि वहिनी. भाऊ आजारी असतात."

अजिबात अडखळले नाही मी. त्यानंही काही पुरावा मागितला नाही. म्हणाला, "मग तिघं झालात. तिघांना दोन खोल्यांचं घर लागतं, खालच्या मजल्यावर. ती यादी वेगळी, पाच आठवडे लागतील. तोवर आहात तिथं राहावं लागेल." त्यानं टेबलावरची किल्ली बोटानं बाजूला सारली. "एकट्या असता तर ही आजच देत होतो."

पितळेची नवी किल्ली होती. तिला दोरीनं पुठ्ठा बांधला होता आणि पुठ्ठ्यावर खोलीचा नंबर होता.

पाच आठवडे थांबायचं होतं. फक्त तेवढंच. मी मनात म्हटलं, पाच म्हणजे पालिकेचे दहा. म्हटलं, ह्यांनी पुन्हा तारीख ढकलली तर माझंही जाईल. म्हटलं, किल्ली घेऊन ठेवते आणि त्यांना हळूच घेऊन जाते, कोण बघतंय. हे सगळं मी म्हटलं. पण खरं सांगायचं तर मला त्या खोलीतून निघायचं होतं, आजच, आणि कोरड्या भिंतीची एक खोली माझी एकटीची हवी होती. सत्तावन्न वर्षांत मला असं काही मिळालं नव्हतं.

मी म्हटलं, "एकटीच लिहा."

कारकुनानं वर बघितलं. "मग ते भाऊ-वहिनी?"

"सख्खे नाहीत," मी म्हटलं. "शेजारी आहेत."

त्यानं खोडलं आणि किल्ली दिली. वसाहतीच्या फाटकावर रखवालदार होता. एका माणसाच्या खोलीत एकच माणूस, हे त्यानं मला सही घेताना दोनदा सांगितलं. हळूच नेण्याचं तिथंच संपलं. मी फार वाद घातला नाही.

घरी आले तर वहिनी गाठोड्यांपाशी बसलेली. मी म्हटलं, "नाही म्हणाले. सख्ख्या नात्याशिवाय नाव लावता येत नाही म्हणे. फार भांडले मी, पण पालथ्या घड्यावर पाणी." खोटं बोलताना माझा आवाज चांगला खणखणीत निघाला.

ती मग म्हणाली, "तुम्ही एवढं केलंत ना ताई, तेच पुष्कळ झालं." आणि गाठोडी सोडून कपडे पुन्हा फळीवर लावायला लागली. भाऊ भिंतीकडं तोंड करून पडले होते. दाढी केलेला चेहरा लहान दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सामान हलवायच्या आधी मी नव्या खोलीवर गेले तर वहिनी फाटकाशी उभी होती. हातात बादली, खांद्यावर फडकं. लाँड्रीत जायच्या आधी दीड तास काढून दोन मैल चालत आली होती. "नव्या घरात तसंच जाऊ नये, ताई. कामगारांचा चुना पडलेला असतो." रखवालदारानं तिला आत सोडलं, कामाला आलेली बाई समजून. तिनं फरशी पुसली, खिडक्या पुसल्या, मोरी घासली. चारही भिंतींना एकेक करून तळहात लावून बघितला, खाली, वर, कोपऱ्यात. म्हणाली, "कोरड्या आहेत हो अगदी." मग घड्याळ बघून घाईनं निघाली. मी चहाचं म्हटलं तर म्हणाली, नको, ते एकटे आहेत.

भाऊ तेविसाव्या दिवशी गेले, त्याच खाटेवर, दुपारी, ती लाँड्रीत असताना. पाच आठवडे थांबले असते तरी ते वाचले नसते, असं मी स्वतःला रोज समजावते. पण तिचं नाव लागलं असतं, ती आज इथं कोरड्यात असती. आणि ते तेवीस दिवस दोघांनी भिंत बघत काढले, ते गाठोडी बांधलेली ठेवून काढले असते. तिच्या खोलीचे आजारी माणसाचे चार गुण आता गेले. तेहेतीस राहिले.

ती दर रविवारी माझ्याकडे येते. मागच्या रविवारी माझी नवी शेजारीण दारात गप्पा मारत उभी होती. वहिनी माझी मोरी घासता घासता तिला म्हणाली, "ह्या ताईंनी आमच्यासाठी पालिकेत केवढं भांडण केलं म्हणून सांगू. सख्खी नणंद करणार नाही इतकं केलं." शेजारीण माझ्याकडे कौतुकानं बघायला लागली. माझ्या हातात एका पॅन्टचा पाय होता. मी मान खाली घालून मशीन चालवत राहिले.